मुशीतून निसटलेले रुपये

हिंदुस्थानच्या रुपयावर १८४० हे साल बावीस वर्षं चाललं. राणी व्हिक्टोरियाच्या मुखवट्याचा पहिला रुपया ईस्ट इंडिया कंपनीनं ते साल घालून पाडला. पुढे पंजाब खालसा झाला, बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, सत्तावनचा उठाव झाला, कंपनी जाऊन राणीचं राज्य आलं. रुपयावर साल तेच. १८६२ मध्ये नवा ठसा आला आणि त्यावरचं ‘१८६२’ही १८७४ पर्यंत हललं नाही. जुन्या रुपयांची सालं जमवायची म्हणून जो या छंदात शिरतो, त्याला पहिल्याच पायरीवर कळतं की नाण्यावरचं साल वाचलं म्हणजे नाण्याचं वय कळलं असं होत नाही.

या गोठलेल्या सालांमागं एक जुनं दुखणं होतं. बंगालमध्ये सराफ नाण्यावरचं साल बघून बट्टा कापत. चालू सालचा सिक्का पुऱ्या किमतीचा. वर्ष उलटलं की तोच सिक्का उतरायचा, चांदी रतीभरही कमी झालेली नसली तरी. यावर तोड म्हणून कंपनीनं शाह आलम बादशहाच्या कारकिर्दीचं एकोणिसावं वर्ष सिक्क्यावर कायमचं कोरलं. बादशहाची वर्षं पुढे सरकत राहिली, रुपया १९ सनावरच थांबला. १८४० आणि १८६२ च्या रुपयांवरही मला तीच सवय दिसते. रयतेच्या गाठीचा रुपया केवळ जुना झाला म्हणून कमी भावाचा ठरू नये, हे मला आजही न्यायाचं वाटतं.

मग वय ओळखायचं कसं? मला ते शिकवलं प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींनी. त्यांनी १८४० चे दोन रुपये कापडावर ठेवले, हातात भिंग दिलं आणि म्हणाले, “पोरी, आधी राणीकडं बघ. मग उलटव.” एका रुपयावर राणीचं नाव आणि पदवी डोक्यावरून एका ओळीत कमानीसारखी गेलेली. दुसऱ्यावर नाव एका बाजूला आणि पदवी दुसऱ्या बाजूला, मध्ये डोकं. पहिला आधीचा, दुसरा नंतरचा. मानेच्या कापावर ‘डब्ल्यू. डब्ल्यू.’ ही दोन इवली अक्षरं. विल्यम वायन या ठसे कोरणाऱ्या कारागिराची ती खूण. काही रुपयांवर ती अक्षरं उठावाची आहेत, काहींवर खोल दाबलेली.

खरा कस लागला तो रुपया उलटवल्यावर. मागच्या बाजूला पानांची माळ आहे, तिच्या आत इंग्रजीत आणि फारसीत ‘एक रुपया’. पानांच्या बेचक्यांतून बारीक फळं डोकावतात. संग्राहक त्यांना बेरीच म्हणतात. ती मोजायची. खाली जिथं दोन्ही डहाळ्या फितीनं बांधल्या आहेत तिथून सुरुवात करायची, डावी डहाळी वरपर्यंत चढायची, मग उजवी. आधीच्या ठशाच्या रुपयांवर १९ किंवा २० भरतात, नंतरच्यांवर २८, काहींवर ३५. झिजलेल्या रुपयावर फळाचा नुसता उंचवटा उरलेला असतो. तो पानाचा शेंडा की फळ, हे उजेड तिरपा पाडल्याशिवाय समजत नाही. गुरुजी पेन्सिलीनं कागदावर पाच-पाचाच्या खुणा करत मोजायचे आणि शंका आली की पुन्हा फितीपासून. नाणं कायम कडेनं धरायचं, तोंडाला बोट लागू द्यायचं नाही.

लोकांना हा रिकामपणाचा उद्योग वाटतो. एका फळानं काय फरक पडतो, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. फरक असा पडतो की ठसा माणूस कोरतो, आणि नवा ठसा कोरताना तो जुन्याची हुबेहूब नक्कल करत नाही. कधी फळ वाढतं, कधी अक्षर सरकतं. सरकारी साल बावीस वर्षं गप्प बसलं, तरी कारागिराचा हात चालू होता, आणि कुठला ठसा कुठल्या टाकसाळीतला, कुठला आधीचा, हे त्या हातावरून ओळखता येतं. फ्रेड प्रिडमोर यांनी १९८० साली आपल्या ग्रंथाच्या हिंदुस्थानवरच्या खंडात एकछापी, म्हणजे सगळ्या हिंदुस्थानासाठी एकाच ठशाच्या, रुपयांचे हे भेद नीट लावून ठेवले. ज्यांनी तो ग्रंथ कधी हातात धरलेला नाही, असे आठवडी बाजारातले विक्रेतेही आज बेरी मोजून भाव सांगतात.

१८६२ च्या रुपयात तर आपली मुंबईच बोलते. फोर्टमधल्या टाकसाळीनं साल बदलायची मुभा नसताना तारखेजवळ ठिपके द्यायला सुरुवात केली. कुठं तारखेखाली एक, कुठं दोन, कुठं चार. काही रुपयांवर दहापर्यंत. काहींवर तारखेच्या वरही. हे ठिपके म्हणजे गोठलेल्या सालानंतर सरलेली वर्षं, असा अभ्यासकांचा उलगडा आहे. सुईच्या टोकाएवढा ठिपका, पण तो टाकणाऱ्याला आपण नेमक्या कुठल्या वर्षी काम केलं याची नोंद राहावी असं वाटलं होतं, हे मला फार मोलाचं वाटतं. टाउन हॉलच्या पायऱ्यांवरून मी टाकसाळीच्या खांबांकडं कितीदा तरी बघत बसले आहे. आतल्या कुठल्या माणसानं तो पहिला ठिपका ठोकला असेल, याचा विचार तिथं हमखास येतो.

पुढे १८७४ पासून साल दर वर्षी बदलू लागलं, १८७७ पासून राणीची महाराणी झाली, आणि काम सोपं झालं: साल वाचा, खाली ‘बी’ किंवा ‘सी’ आहे का बघा, म्हणजे मुंबई की कलकत्ता ते कळलं. पंचम जॉर्जच्या वेळी अक्षर जाऊन मुंबईचा नुसता ठिपका राहिला. या सोप्या भागात मी रमत नाही. पण दुर्मीळ साल म्हणजे काय, हा प्रश्न मात्र इथंच उभा राहतो, आणि त्याचं उत्तर मला टाकसाळीत मिळालं नाही. ते सराफाच्या मुशीत मिळालं.

आमच्या तालुक्याच्या गावातल्या सराफकट्ट्यावर एक वयस्क शेठ आहेत. त्यांच्याकडं मोडीत आलेली चांदी एका पितळी परातीत साठते: तुटलेली जोडवी, चेपलेले करंडे, वाळे, पैंजणांचे तुकडे, आणि त्यात रुपये. बऱ्याच रुपयांना कडी लावलेली असते, कडी निघालेली असेल तर डाखाचा करडा डाग. कुणाच्या कपाळाशी भोक. खूप वर्षं लक्ष्मीपूजनाला पाटावर बसलेल्या रुपयांच्या अक्षरांत कुंकू इतकं घट्ट बसलेलं असतं की ते नाण्याचाच भाग झालेलं असतं. परात आटणीला जाण्याआधी शेठ मला ती चाळू देतात. पहिल्यांदा मी विचारलं होतं, “शेठ, यातलं एखादं साल दुर्मीळ निघालं तर?” ते तराजूवरची नजर न काढता म्हणाले, “ताई, चांदीला साल नसतं. वजन असतं.”

त्यांच्या बाजूनं ते खरंच आहे. १८० ग्रेन वजन, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. १८३५ पासून रुपयाचा हाच बांधा होता आणि हाच तोळा ठरला. ऐंशी रुपये भार म्हणजे शेर. घरोघरी सोनं, औषध, केशर रुपयावर तोललं गेलं. ज्या नाण्यानं शंभर वर्षं वजनाचं काम केलं, त्याच्याकडं सराफ वजन म्हणूनच बघणार. पण रुपयांचा दुर्मीळपणा त्या एका वाक्यानंच ठरवला आहे. जे जे वजन म्हणून पाहिलं गेलं ते वितळलं, आणि जे वितळायचं राहिलं ते आम्ही जमवतो. टाकसाळीच्या हिशेबात किती पाडले हा आकडा असतो. त्यातले किती उरले, हा आकडा कुठंच नसतो.

१९११ चा रुपया घ्या. पंचम जॉर्जचा तो पहिला. राजाच्या झग्यावर इंडियन एम्पायर या पदकमालेतला हत्ती आहे. कोरणाऱ्यानं तो इतका आखूड सोंडेचा कोरला की बघणाऱ्यांना डुक्कर दिसलं. मुसलमान प्रजेचा संताप झाला, बाजारात रुपया नाकारला जाऊ लागला. सुमारे ९४ लाख रुपये पाडून झाले होते. त्यातले सुमारे ७ लाखच बाहेर गेले होते, बाकीचे वितळवले आणि १९१२ पासून सोंड लांब केलेला हत्ती आला. लोकांच्या भावनेपुढं सरकारनं ठसा बदलला, आणि तो बदल एका नखाएवढ्या सोंडेत मोजता येतो. दोन्ही सालांचे रुपये शेजारी ठेवून भिंगातून बघितलं की शाळेतलं पोरही फरक सांगेल.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काही वर्षांचे रुपये कमी दिसतात, ते वेगळ्या कारणानं. जून १८९३ पर्यंत कुणीही चांदी घेऊन टाकसाळीत जावं आणि थोडी मजुरी देऊन तिचे रुपये पाडून घ्यावेत, अशी सोय होती. हर्शेल समितीच्या शिफारशीवरून सरकारनं ती बंद केली. चांदीचा जागतिक भाव घसरत होता आणि रुपयाची पौंडातली किंमत टिकवायची होती. टाकसाळी मंदावल्या, १८९७ चा रुपया शोधायला आज डोळ्यांत तेल घालावं लागतं. मी हे साल बघते तेव्हा मला संग्रहातली मोकळी जागा आठवत नाही, आठवतो तो दुष्काळ. १८९६-९७ चा, आणि मग छपन्नच्या नावानं ओळखला गेलेला १८९९-१९०० चा. शेतकऱ्याच्या घरात चांदी म्हणजे बायकोच्या अंगावरचं धन. आधी तोळाभर तोडा म्हणजे जवळजवळ एक रुपया. टाकसाळीची दारं बंद झाल्यावर रुपया सरकारी आधारानं वर राहिला आणि चांदी खाली गेली; शतक संपता संपता रुपयाभर वजनाची चांदी साधारण दहा आण्यांची उरली. म्हणजे नेमक्या उपासमारीच्या दिवसांत त्या बाईच्या तोड्याची किंमत तिच्या नकळत उतरवली गेली होती. आमच्या याद्यांमध्ये १८९७ पुढं ‘दुर्मीळ’ एवढंच लिहितात. त्या शब्दात हे सगळं मावत नाही, म्हणून मी माझ्या पाकिटावर ते लिहून ठेवलं आहे.

याच्या उलट १९१८ आणि १९१९. हे रुपये परातीत ढिगानं सापडतात आणि संग्राहक त्यांच्याकडं ढुंकूनही बघत नाहीत. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात रुपयांची इतकी मागणी झाली की चांदी पुरेना. अमेरिकेनं १९१८ मध्ये पिटमन कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले आणि जवळपास २६ कोटी डॉलरांची चांदी ब्रिटनला विकली, ती हिंदुस्थानसाठी. तेव्हा परातीतला साधा १९१८ चा रुपया हा कदाचित कालपर्यंत डॉलर होता. अमेरिकेतल्या संग्राहकांनाही आपले कुठले डॉलर त्या वर्षी नाहीसे झाले याचा थांग लागत नाही, कारण वितळवताना कुणी सालं लिहून ठेवली नाहीत. दुर्मीळ नाणं हवंसं वाटणं समजतं, पण विपुल नाण्याला इतिहास नसतो असं मानणं मला पटत नाही. १९१८ चा एक स्वच्छ रुपया मी मुद्दाम संग्रहात पहिल्या पानावर लावला आहे.

१९३९ कडं मात्र सगळ्यांची नजर असते. अव्वल चांदीचा हा शेवटचा रुपया, मुंबईच्या टाकसाळीचा. युद्ध सुरू झालं होतं, लोक चांदी दडवू लागले होते. १९४० मध्ये सरकारनं रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. उरलेल्यात ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल आणि ५ टक्के जस्त. पुढच्या काही वर्षांत व्हिक्टोरियाचे, मग एडवर्डचे, मग जॉर्जचे जुने रुपये टप्प्याटप्प्यानं चलनातून काढून घेतले आणि वितळवले. १९३९ चा रुपया वयानं सर्वांत लहान, आणि नवीकोरी अव्वल चांदी म्हणून मुशीच्या सर्वांत जवळचा. टाकसाळीतून निघाले ते लाखांत. आज खरा एखादा दिसला तर बातमी होते.

म्हणून खोटेही याचेच जास्त. पण या फसवणुकीवर एक चोख उपाय आहे आणि तो प्रत्येक नवख्यानं शिकावा. १९४० पासूनच्या रुपयाच्या कडेला नक्कल रोखण्यासाठी दात्यांच्या मध्ये खोबण दिली आहे. १९३९ ची कड साधी दातेरी. कुणी १९४० नंतरच्या रुपयाचं साल कोरून १९३९ केलं असेल तर कड लगेच चहाडी करते. कड बरी दिसली तरी नाणं दोऱ्यानं पाण्यात लोंबकळत तोलावं. जुन्या रुपयाची घनता दहाच्या वर, सव्वादहाच्या आसपास येते. निम्म्या चांदीच्या रुपयाची साडेनऊ. हवेत दोन्ही सारखेच ११.६६ ग्रॅम भरतात, पाण्यात मात्र सोंग टिकत नाही. १९३८ चा आठ घासून नऊ केला असेल तर या दोन्ही परीक्षा हात टेकतात. तिथं त्या शेवटच्या आकड्याभोवतीची जमीन भिंगातून बघायची. हत्यार चाललेल्या जागी टाकसाळीचं मूळ तेज मोडलेलं असतं.

रुपया घासून लखलखीत करणाऱ्यांशी माझं भांडण आहे. चांदीवर चढलेला काळपट थर हा हवेतल्या गंधकानं झालेला असतो आणि तो काढताना धातूही निघतो, नेमका उंचवट्यांवरचा: केस, पाकळ्या, बेरी, ठिपके. विकण्याआधी दातांच्या पावडरीनं रुपया घासणारे विक्रेते त्याचं वयच पुसून टाकतात. लक्ष्मीपूजनाआधी घरच्या बाईनं रिठ्याच्या पाण्यात तो धुतला तर मी काही बोलत नाही. ती त्याला जपत आली म्हणून तर तो मुशीत गेला नाही.

इंग्रजी रुपयांची ही आटाआट सांगताना त्यांच्या पोटातली चांदी कुठून आली, हेही आठवावं. पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, मिरजेचा, वाईचा, कुलाब्याच्या आंग्र्यांचा ‘श्री’ असलेला. पेशवाईत इतक्या टाकसाळी आणि इतके रुपये. पेशवाईनंतरही पुण्याच्या टाकसाळीतून फसली सालाचे अंकुशी रुपये निघत होते. १८३५ च्या एकछापी रुपयानंतर हे सगळे हळूहळू मोडीत गेले. त्यांच्यातली तारीख शोधणं हे बेरी मोजण्याहून कठीण, कारण ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान. हातोड्याचा घाव जिथं बसेल तेवढाच मजकूर उमटायचा. कुठं अंकुश पूर्ण, पण साल काठाबाहेर. कुठं सालाचे दोन आकडे आणि टाकसाळीचं नाव गायब. म्हणून एकाच ठशाचे अनेक रुपये शेजारी मांडून त्यांचे तुकडे जुळवत पूर्ण ठसा कागदावर उभा करायचा असतो. महेश्वरी आणि विगिन्स यांनी मराठ्यांच्या टाकसाळींवरचं पुस्तक असंच नाणी एकमेकांशी ताडून घडवलं. अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेनं ते १९८९ मध्ये छापलं. इथं एकेका झिजक्या, अर्धवट रुपयाची किंमत वाढते, कारण दुसऱ्यावर न उमटलेला एक आकडा त्याच्यावर असू शकतो.

म्हणूनच शेतात, पडक्या भिंतीत हंडी सापडली आणि ती वाटून घेतली गेली, असं ऐकलं की मी अस्वस्थ होते. १८७८ च्या निखात निधी कायद्यानं दहा रुपयांवरच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्याला द्यायची असते. पण कायद्याचं एकवेळ बाजूला ठेवा. हंडीतलं शेवटचं साल सांगतं की ती त्याआधी पुरली गेलेली नाही. ती फुटली, रुपये पांगले, की त्यातलं दुर्मीळ साल कुणाच्या तरी संग्रहात पोचतं, पण ती हंडी कधी आणि कुठल्या भीतीपोटी पुरली गेली हे कायमचं जातं. सुटं नाणं विकत घेणारे आपण सगळेच त्या नुकसानीत थोडे भागीदार आहोत.

शेठच्या परातीत असा ठेवा क्वचित येतो. तिथं येतात ती घरं. चांदीचा भाव चढला की परात जास्त वेळा भरते. मी प्रत्येक रुपयाची नोंद करते, विकत घ्यायचा असो वा नसो: साल, टाकसाळ, ठिपके, बेरी, कडी कुठल्या बाजूला, भोक कुठं, कुंकू आहे का. अशा नोंदी आणखी चार गावांच्या सराफकट्ट्यांवर झाल्या तर किती उरले या प्रश्नाला निदान आपल्या मुलखापुरतं उत्तर मिळेल. शेठही आता साल विचारतात. परवा त्यांनी एक रुपया परातीत न टाकता बाजूला ठेवला होता. १९११ चा. कडीचा डाख राजाच्या मुकुटावर, आणि पिढ्यान्‌पिढ्या अंगावर वागवल्यानं झग्यावरचा हत्ती पार सपाट झालेला. सोंड आखूड होती की लांब, हे कुठल्याच भिंगातून सांगता आलं नसतं. “मग हा तोच कशावरून?” त्यांनी विचारलं. १९११ च्या ठशात दुसरा हत्ती नव्हताच, मी म्हटलं. त्यांनी तो तराजूत टाकला, चांदीच्या भावानं पैसे घेतले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचे पैंजण वजनाला लावायच्या आधी मला वहीत ती नोंद पुरी करू दिली.